मागचा दिवा

१

दिवे निवडायचे तर आधी अंधार पाहिजे, एवढी साधी गोष्ट आप्पासाहेब मास्तरांच्या डोक्यात शिरायला दोन रविवार गेले. उजेडात सगळे बल्ब सारखेच चांगले दिसतात. शेवटी मीच त्यांच्या पुढच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या, दाराला सतरंजी लावली आणि भर दुपारी दोनला खोलीत काळोख केला. घोंगड्यांना खिळ्यांची भोकं पडली म्हणून कस्तुराबाई, म्हणजे मास्तरांची बायको, आतल्या घरातून कुरकुरत राहिली. मला तोंडावर काही बोलली नाही. ती माझ्याशी बोलतच नसे. चहाचा ग्लास बाहेरच्या कोनाड्यात ठेवायची, आणि पिऊन झाला की मी तो धुऊन परत कोनाड्यातच ठेवायचा. एकोणीसशे त्र्याऐंशी साल होतं, नांदेडात माझ्या नावाला वायरमन म्हणून किंमत होती, आणि लातूरला या घरात मला वेगळा ग्लास. तिसऱ्या रविवारपासून मी तो धुवायचं बंद केलं.

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षपूर्तीला शाळेच्या मैदानावर प्रदर्शन भरणार होतं आणि रिटायर झालेल्या आप्पासाहेबांनी तिथं रेल्वेचं मॉडेल मांडायचं मनावर घेतलं होतं. बारा फूट लांब प्लायवूड, त्यावर रूळ, विजेवर पळणारी हैदराबादहून आणलेली गाडी. स्टेशन मात्र खरं होतं. पांगरगाव रोड, नांदेडकडचं, जिथं त्यांनी नऊ वर्षं स्टेशन मास्तरकी केली. कौलं, बाकडं, पाण्याचा पिंप, लिंबाचं झाड, एका टोकाला हात वर करून उभा असलेला सिग्नल. सगळं जागच्या जागी.

त्याच स्टेशनावर माझा थोरला भाऊ पंढरी बत्तीवाला होता. रोज सांजच्याला रॉकेलची बत्ती घेऊन सिग्नलवर चढायचा, दिवा लावायचा, आणि खाली उतरला की हातबत्ती दोनदा वर उचलायचा. म्हणजे दिवा लागला. इकडून मास्तरांनी हात वर करायचा. म्हणजे बघितलं.

मी हे काम घेऊ नये असं आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनी सांगितलं. माझी वैनी चांगुणा, पंढरीदादाची बायको, कंधारला भावाच्या घरी राहायची. तिनं एकटीनं जा म्हटलं.

"जावा भावजी," ती म्हणाली. "अन् त्या मास्तरला एकदा इचारून या. त्या दिवशी दिवा इझला व्हता का?"

२

बहात्तरच्या दुष्काळात पांगरगावची विहीर आटली. मालगाडी रोज सांजच्या पावणेसातला यायची. मास्तर सिग्नल पाडायचेच नाहीत, म्हणजे हात खाली करून गाडीला रस्ता द्यायचेच नाहीत, गाडी सिग्नलशी उभी राहायची, आणि ड्रायव्हर इंजिनातलं गरम पाणी बायांच्या घागरीत सोडायचा. मास्तरांचा पिंप आधी भरायचा, मग बाया. खडी फोडून आलेल्या आमच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन रुळावरच बसायच्या, कारण गाडी थांबणारच असायची. दादा तिथं उभा राहून रांग लावायचा.

एक दिवस गाडी थांबली नाही. दोन बाया गेल्या आणि त्यांना ढकलायला धावलेला दादा गेला.

चौकशीत मास्तर म्हणाले, सिग्नल वरच होता. ड्रायव्हर म्हणाला, मला हिरवा मिळाला. साहेबांनी लिहिलं की सिग्नल वर होता पण दिवा विझलेला होता, म्हणून ड्रायव्हरची फसगत झाली. साहेब तिसऱ्या दिवशी बघायला आले. तिसऱ्या दिवशी दिवा विझलेलाच असणार, लावणारा मेला होता. मग कुणीतरी बोललं की पंढरी रॉकेल विकायचा. ज्यांच्या बाया गेल्या त्यांनी वैनीशी बोलणं टाकलं. सरजाबाई, जिची सून गेली, ती वैनीच्या दारात येऊन माती टाकून गेली. वैनीनं वस्ती सोडली.

दहा वर्षं मी याचा राग धरून होतो. कुणावर, ते पुढं सांगतो, आत्ता सांगायची माझी तयारी नाही.

३

मास्तरांना लग्नातल्या माळा पाहिजे होत्या. लाल, हिरव्या, लुकलुकणाऱ्या.

"मास्तर, हे स्टेशन हाय का वरात?" मी म्हणालो. "पांगरगावला रॉकेलचा दिवा व्हता. रॉकेलचा उजेड कसा असतो, इसरलाव काय?"

"लोकांना झगमगाट आवडतो रे नरसिंगा."

"मंग झगमगाटवाल्याला बोलवा."

त्यांनी माळांचा हट्ट सोडला. तेव्हा मला नवल वाटलं. हा माणूस कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. आधी दोन वायरमन आले आणि काम टाकून गेले हे मला शेजारच्या पानवाल्याकडून कळलं होतं, पण पैशावरून बिनसलं असेल असं मी धरून चाललो.

मी गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब आणले होते. सहा व्होल्टचे बल्ब चारवर चालवले की उजेड मऊ होतो. वरून लाखेच्या पॉलिशमध्ये हळद कालवून त्यात एकेक बुडवला. काही लई पिवळे झाले, काही तांबूस. अंधारात एकेक लावून बघायचा, टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. स्टेशनच्या खोलीत एक, बाकड्यावर एक, फाटकाशी एक. बाकड्यावर मी लाकडाचा एक माणूस बसवला, बोटाच्या पेराएवढा. का बसवला ते मास्तरांनी विचारलं नाही.

सिग्नलच्या बाबतीत मात्र त्यांनी एकच सांगितलं, आणि तीन वेळा सांगितलं. "सिग्नल लालच ठेवायचा. हात वरच. खाली आलेला मला चालायचा न्हाई."

मी हात वर ठेवून सरस लावला. सिग्नलमध्ये हाताबरोबर सरकणाऱ्या दोन काचा असतात, एक लाल आणि एक निळी. निळीच, हिरवी नाही. रॉकेलची पिवळी ज्योत निळ्या काचेमागं आली की उजेड हिरवा दिसतो. दादानं मला हे शिकवलं होतं. म्हणून मी जुन्या बत्तीच्या काचेचा निळा तुकडा घासून बसवला, नुसता शोभेला. त्यामागं बल्ब नव्हता. बल्ब लाल काचेलाच मागून चिकटवला होता.

मी दुसऱ्या टोकाला फाटकाचा दिवा जोडत होतो. मान वर केली तर सिग्नल हिरवा होता.

मी डोळे चोळले. अंधारात फार वेळ काम केलं की डोळे फसवतात, हे माझं धंद्यातलं ज्ञान. बटण दाबून खोलीतला मोठा दिवा लावला. सिग्नलचा हात खाली आला होता. सरस ओला राहिला असेल असं म्हणून मी परत लावला आणि दाबून धरून शंभर मोजले. पण सरस निघाला म्हणून हात खाली येईल, निळ्या काचेमागं उजेड कुठून येईल? आणि तो हिरवा विजेच्या बल्बचा नव्हता. विजेच्या बल्बपुढं ती काच निळीच दिसते, मी दहा वेळा लावून बघितलं होतं. हळदीच्या बल्बपुढं मळकट दिसते. तसा हिरवा फक्त ज्योतीचा होतो.

४

पुढच्या रविवारी सिग्नलचा हात परत खाली होता आणि निळ्या काचेवर काजळी होती. बोट फिरवलं तर बोट काळं झालं. नाकाला लावलं तर रॉकेल.

मी आतल्या दाराशी गेलो. "बाई, हितं कुणी चिमणी लावली व्हती का?"

कस्तुराबाई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "आमच्यात रॉकेल न्हाई. गॅस हाय. खोलीला कुलूप असतंय." मग दाराच्या फटीतूनच, हळू, "वास तर मला बी यायलाय. त्यांना इचारलं तर वसवस करतेत. दुसऱ्या वायरमननं बी हेच इचारलं व्हतं."

मी सिग्नलची वायर कापून टाकली. दोन्ही टोकं उघडी ठेवली. मग अंधार केला आणि स्टुलावर बसून बघत राहिलो. खोलीत गरम होत होतं, घोंगड्यांचा वास येत होता, ट्रान्सफॉर्मर घुंघुं करत होता. पाच मिनिटांनी अगदी बारीक कुरकुर ऐकू आली. तार ओढली जाते तेव्हा खऱ्या सिग्नलची होते तशी, पण डासाएवढी. हात खाली गेला. हिरवं झालं. मला भीती वाटायला पाहिजे होती, पण मला संताप आला. कुणीतरी माझी थट्टा करतंय, माझ्या मेलेल्या भावाच्या नावानं, असंच मला वाटलं. मी प्लायवूडच्या खाली शिरून सगळ्या वायरी हातानं चाचपल्या. एक सुद्धा जादा नव्हती.

संध्याकाळी मास्तरांना म्हणालो, "सिग्नलला मागचा दिवा न्हाई. खऱ्याला असतो. बत्तीला मागून बारीक भोक असतं, स्टेशनातून बघायला, दिवा जळतो का न्हाई ते. तेवढं करून घेतो."

"नको. मागून कोण बघणाराय?"

"मी बघतो न."

"नको म्हणलं न तुला," मास्तर ओरडले.

५

ज्या गोष्टीला कुणी नको म्हणतं ती मी करतोच, हा माझा स्वभाव. पण मागच्या भोकाचं नेमकं काम मला माहीत नव्हतं. मी विजेचा माणूस. म्हणून आठवड्यात सुट्टी काढून नांदेडच्या पुढं एका लहान स्टेशनावर गेलो. तिथं व्यंकटी नावाचा म्हातारा बत्तीवाला दादाच्या ओळखीचा होता. त्यानं मला शिडीवर चढवलं.

"हे बघ भोक," तो म्हणाला. "सिग्नल वर हाय तवर हितून पांढरा ठिपका दिसतो मास्तरला. आता थांब." त्यानं खाली ओरडून सिग्नल पाडायला लावला. हात खाली आला आणि त्याच्यासंगं एक पत्र्याची टिकली सरकून भोकावर बसली. ठिपका गेला.

"दिवा विझला?" मी विचारलं.

"दिवा कशाला इझंल? जळून राहिला की. सिग्नल पडला म्हणून भोक झाकलं. मागचा दिवा दिसंना म्हंजी सिग्नल पडलाय, गाडीला रस्ता दिलाय. ह्ये तर पोर्टरच्या पोराला बी कळतंय."

मी शिडीवर तसाच बसून राहिलो. व्यंकटी खाली उतरून हाका मारत होता. आता सांगतो माझा राग कुणावर होता.

त्या दिवशी मी पांगरगावला होतो. काम नव्हतं म्हणून दादाकडं राहत होतो. बाकड्यावर बसून दुष्काळात वाटायचे ती सुकडी खात होतो. दादानं दिवा लावून हातबत्ती वर केली असेल, रोजच करायचा, पण माझं लक्ष खाण्यात होतं आणि मास्तर आत होते, म्हणून त्या दिवशी त्याला कुणी हात केला नाही. गाडीची शिट्टी झाली तेव्हा मी मान वर केली आणि सिग्नलकडं बघितलं. अंधारात सिग्नलचा हात दिसत नव्हता, आणि मागचा पांढरा ठिपका नव्हता. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, दिवा दिसला का? मी म्हणालो, न्हाई साहेब, मागचा दिवा दिसत न्हवता. खरं तेच सांगितलं. ड्रायव्हरवर कुणी विश्वास ठेवला नव्हता, पण सख्खा भाऊ कशाला खोटं बोलेल? माझ्या त्या एका वाक्यावर त्यांनी दादाला दोषी धरलं. आणि दहा वर्षं मी दादावरच चिडून होतो. का बाबा विसरलास, असं मनात म्हणायचो.

चौकशीच्या वेळी मास्तर तिथंच खुर्चीवर बसलेले होते. माझ्या बोलण्याचा अर्थ त्या खोलीत त्यांना एकट्याला कळला होता.

६

रविवारी मी खोलीत गेलो, दार लावलं, अंधार केला. मास्तर स्टेशनच्या बाजूला उभे होते.

"सिग्नल तुम्ही पाडलाव," मी म्हणालो.

ते अंधारातूनच म्हणाले, "मागून मोठ्या साहेबाची स्पेशल गाडी येत होती. मालगाडी रोखली असती तर माझी नोकरी गेली असती. बायांना निरोप द्यायचा राहून गेला."

"अन् चौकशीत?"

"मी काय बोलणार होतो ते माझं मला ठरत नव्हतं रे. तेवढ्यात तू बोललास. तूच सांगितलंस नरसिंगा. मी फक्त गप बसलो."

माझा हात उठला होता. मारलं असतं. पण तेवढ्यात ती बारीक कुरकुर झाली आणि वायर नसलेला सिग्नल पडला. हिरव्या उजेडात मास्तरांचा चेहरा दिसला. त्यांना नवल वाटलं नव्हतं, नुसता थकवा होता.

"पहिल्या दिवसापासून असंच हाय," ते म्हणाले. "म्हणून तुला बोलावलं. वाटलं, तुझ्या हातनं तरी लाल राहील. मी काढूनच टाकतो आता त्याला."

"काढला तर एक दिवा लावणार न्हाई मी. अंधारात मांडा तुमचं प्रदर्शन. अन् मागचं भोक मी करणार हाय, टिकलीसकट."

केलं. सुईनं पाडलं, आणि डबड्याच्या पत्र्याची टिकली बसवली. मग एस.टी. पकडून कंधारला गेलो आणि वैनीला सगळं सांगितलं, माझं वाक्य सुद्धा. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा.

"म्हंजी दिवा जळत व्हता," ती म्हणाली.

"हाव."

"दहा वर्सं झाली, दिवेलागणीला घरात रॉकेलचा वास येतोय. मला वाटायचं, खरंच इकलं असंल त्यांनी, म्हणून वास पाठ सोडंना." मग ताट बाजूला ठेवलं. "भावजी, तुमचं तोंड बघावं वाटंना आज मला. पर लातूरला मी येणार. अन् सरजाबाईला घेऊन येणार."

७

प्रदर्शनाच्या मंडपात आमच्या मॉडेलला कनातीची वेगळी खोली होती, ताडपत्री टाकून काळी केलेली. पांढरा कोट घालून मास्तर हातात वेताची छडी घेऊन माहिती देत होते. तीस-चाळीस माणसं होती, दोन अधिकारी होते. मी फळीच्या मागं, सिग्नलची कापलेली वायर मुठीत धरून. कुणी मागाहून म्हणायला नको की नरसिंगानं बटण दाबलं.

सिग्नल वर होता. मागचा पांढरा ठिपकाही होता. वायर माझ्या हातात असून तो ठिपका जळत होता.

वैनी सरजाबाईचा हात धरून आत आली आणि बरोबर स्टेशनच्या बाजूला, बाकड्यामागं उभी राहिली. सरजाबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं, ती वाकून बघत होती. गाडी निघाली. कुरकुर झाली. ठिपका गेला.

"मास्तर," वैनीनं मोठ्यानं विचारलं, "हितून दिवा दिसंना झालाय. इझला का?"

मास्तरांनी तिला ओळखलं. छडी खाली आली. अधिकारी त्यांच्याकडं बघत होते, उत्तराची वाट बघत.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "दिवा जळतोय. सिग्नल पडला की मागचा दिवा झाकला जातो."

"मंग सिग्नल कुणी पाडला?"

"मी," मास्तर म्हणाले. "मी पाडला. बत्तीवाल्याची चूक नव्हती. त्याचा दिवा जळत होता."

लोकांना वाटलं माहितीच चाललीय. एका अधिकाऱ्यानं मान डोलावली. सरजाबाई मात्र सरळ झाली. तिनं वैनीचा हात सोडला नव्हता, उलट दुसऱ्या हातानं पण धरला.

तेवढ्यात सिग्नलच्या पायथ्याशी एक उजेड दिसला. पिवळा, तांबूस, मी निवडलेल्या एकाही बल्बचा नसलेला. माझे बल्ब स्थिर होते, हा हलत होता. रुळाच्या कडेनं तो स्टेशनकडं यायला लागला, माणसाच्या चालीनं, एका पायावर थोडा जास्त रेलत. दादा तसाच चालायचा.

"वा, हे कसं केलंय?" गर्दीतलं कुणी म्हणालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उजेड बाकड्यापाशी आला, बसलेल्या त्या लाकडी माणसासमोर थांबला. रॉकेलचा वास इतका आला की पुढच्या बाईनं नाकाला पदर लावला. मी तिथं फक्त उजेड बघितला. उजेडामागं काही होतं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघितलं नाही. पुन्हा एकदा मी मान खाली घालून बसलो होतो, ते माझ्या लक्षात आलं आणि माझा मलाच इतका राग आला की मान आपोआप वर झाली.

उजेड दोनदा वर उचलला गेला. मग तसाच थांबला.

मास्तर हलले नाहीत. वैनी माझ्याकडं बघत होती. मी हात वर केला. कापलेली वायर अजून मुठीतच होती.